एंजल ॲली, लंडन: बोळातल्या वर्तमानपत्राच्या शोधात

ऑल्डगेट ईस्ट स्टेशनाबाहेर व्हाइटचॅपल आर्ट गॅलरी आहे. तिच्या बाजूचा अरुंद बोळ म्हणजे एंजल ॲली. पाटीकडे लक्ष ठेवा, नाहीतर सरळ पुढे जाल. आत भिंतीवर अराजकवाद्यांचे, म्हणजे सरकारशिवाय समाज चालावा असं मानणाऱ्यांचे, चेहरे रांगेने लावलेत आणि तळमजल्यावर 'फ्रीडम' या अराजकवादी पत्राचं पुस्तकांचं दुकान आहे. दुपारच्या बेतानेच जा, आणि निघण्याआधी उघडण्याच्या वेळा बघून घ्या.

'फ्रीडम'चा पहिला अंक ऑक्टोबर 1886 मध्ये निघाला. फ्रान्सच्या तुरुंगातून त्याच वर्षी सुटून आलेला रशियन अराजकवादी विचारवंत प्रिन्स क्रोपॉटकिन आणि केंब्रिजला शिकलेल्या शार्लट विल्सन यांनी तो सुरू केला. नाव क्रोपॉटकिनचं होतं, पण पहिली जवळजवळ दहा वर्षं संपादनाची हमाली विल्सनबाईंनी केली. इथे येणाऱ्या बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नसतं.

मला सगळ्यात जास्त रस 1945 च्या खटल्यात होता. युद्धकाळात हे पत्र 'वॉर कॉमेंटरी' या नावाने निघत असे. सैनिकांत असंतोष पसरवल्याचा आरोप ठेवून चार संपादकांना ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टात उभं केलं. तिघांना नऊ-नऊ महिने झाले, मारी लुईझ बर्नेरी मात्र सुटल्या. का, तर सहआरोपी व्हर्नन रिचर्ड्स त्यांचा नवरा, आणि नवरा-बायको आपसांत कट करू शकत नाहीत असा तेव्हाचा कायदा! यावर त्या खूश झाल्या नसतील, एवढं नक्की. सरकार पक्षाने साक्षीला बोलावलेल्या वर्गणीदार सैनिकांत कॉलिन वॉर्ड होता. त्याने पुढे 1961 ते 1970 'अनार्की' मासिकाचे 118 अंक काढले: शाळा, घरं, खेळाची मैदानं, सगळे रोजचे विषय. जुने अंक दिसले तर आधी ते उचला, टी-शर्ट नंतर.

फेब्रुवारी 2013 मध्ये कुणीतरी दुकानाला आग लावली. बरीच पुस्तकं गेली, पण लोक दुसऱ्याच दिवशी झाडू घेऊन आले. 'फ्रीडम'चं छापील मासिक 2014 मध्ये थांबलं.

आपल्याकडचा धागाही आहे. लंडनमधल्याच हायगेटच्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात सावरकरांच्या सोबत वावरलेले एम. पी. टी. आचार्य पुढे अराजकवादी झाले. शेवटची वर्षं मुंबईत काढून 1954 मध्ये तिथेच वारले. मुंबईहून ते 'फ्रीडम'ला लिहीत. इंडिया हाउसची वास्तू, 65 क्रॉमवेल ॲव्हेन्यू, बाहेरूनच बघायची. त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा.

वेळ उरला तर पूर्वेला ज्युबिली स्ट्रीटपर्यंत चाला. यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत निघणाऱ्या 'आर्बेटर फ्रॉइंट' या अराजकवादी पत्राचा संपादक रुडॉल्फ रॉकर स्वतः ज्यू नव्हता. जर्मन माणूस, यिद्दिश शिकून ज्यू शिंप्यांसाठी पत्र चालवायचा. 1906 साली उघडलेला या ज्यू अराजकवाद्यांचा क्लब इथेच होता. आता त्या जागी बघण्यासारखं काही नाही, पण वाटेत अल्ताब अली पार्क लागतं. 1978 मध्ये वंशद्वेषातून खून झालेल्या बांगलादेशी कापड कामगाराचं नाव त्याला दिलंय. शिवणकामाची वस्ती तीच, कामगार बदलले.

मूळ अंक चाळायचे असतील तर ब्रिटिश लायब्ररीचा रीडर पास काढा. तो फुकट मिळतो, पण ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या.