धूर जागा बदलतो

नॉर्वेतल्या स्टाव्हांगरमध्ये साडेअकरालाच जेवायला बसतात. परवा पोळीभाजीचा डबा उघडता उघडता मी कौतुकानं सांगितलं की चिपळूणला दादानं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. समोरचा सहकारी सहज बोलून गेला, "पण तुमच्याकडे वीज कोळशाचीच ना? म्हणजे धूर फक्त जागा बदलतो." त्याच्या मनात वाईट नव्हतं. तरी घास घशाखाली उतरेना.

इथलं कौतुक मलाही आहे. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि वीज बहुतेक सगळी पाण्याची. आमचीही इलेक्ट्रिकच आहे. पण २०२३ मध्ये घेताना आम्ही आधी किंमत पाहिली. पेट्रोलच्या गाडीवर खरेदीचा जबर कर आणि वर २५ टक्के व्हॅट, इलेक्ट्रिकला तेव्हा पाच लाख क्रोनरपर्यंत व्हॅट माफ होता. एवढी सूट परवडते, कारण तिजोरीत तेलाचा पैसा आहे.

हे शहरच तेलावर उभं आहे. दीडेकशे किलोमीटरवर समुद्रात योहान स्वेर्द्रुप हे तेलक्षेत्र आहे. तिथल्या प्लॅटफॉर्मना किनाऱ्यावरून केबलनं वीज जाते. स्वच्छ विजेवर तेल उपसायचं, परदेशी विकायचं, आणि ते जळेल त्या देशाच्या नावावर धूर मांडायचा. जागा बदलतो तो धूर हा! माझा पगारही याच तेलातून येतो, म्हणून मी नॉर्वेला नावं ठेवणार नाही. पण मग दादाच्या स्कूटरलाही कुणी ठेवू नयेत.

त्या रात्री आकडे काढून बसले. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये गाडी आणि बॅटरी बनवण्यापासूनचा सगळा हिशेब मांडला होता. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक मोटारीचं उत्सर्जन पेट्रोलच्या मोटारीपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी, भारतात १९ ते ३४ टक्के कमी. तफावत मोठी आहे, मान्य. पण कोळसा धरूनही आपल्याकडे ते कमीच भरतं, कारण पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. आणि हे मोटारीचं झालं. स्कूटरची बॅटरी ती केवढी!

शिवाय आम्ही चिपळूणची माणसं. पोफळीला वीज करून सोडलेलं कोयनेचं पाणी वाशिष्ठीतून आमच्या गावाजवळून जातं. कोयना १,९६० मेगावॅटची, पण चंद्रपूरचं औष्णिक केंद्र एकटंच २,९२० चं. तारेत शिरल्यावर युनिट कुठून आलं ते कळत नाही.

दादाला यातलं काही सांगितलं नाही. त्याचा हिशेब सरळ आहे: तीन युनिटांत ऐंशी-नव्वद किलोमीटर, पेट्रोल लिटरला शंभरावर. त्यानं व्हिडिओ कॉलवर पडवीतला चार्जिंगचा पॉइंट दाखवला. हात पूर्ण वर केला तरच पोचतो. वायरमन खाली घेऊ म्हणत होता, पण दादानं तो २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर घ्यायला लावला.