डिव्हिजन स्ट्रीटच्या अलीकडे आणि पलीकडे

ओहेअर विमानतळावरून शिकागो शहरात जाताना केनेडी एक्सप्रेसवेवर आमची गाडी जवळजवळ वीस मिनिटे एकाच जागी उभी होती. लांबच्या विमानप्रवासाने पाय सुजले होते, मुलगा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून बसला होता आणि मी, दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे, उजवीकडच्या खिडकीतून बाहेर पाहत होते. तेथे महामार्गाला जवळपास खेटून एक अवाढव्य जुने चर्च उभे होते. ते इतके जवळ होते की, काच खाली केली असती तर आतली प्रार्थना ऐकू आली असती, असे वाटले. मुलाला विचारले तेव्हा, "आई, ते जुनं पोलिश चर्च आहे. ते पाडायला लागू नये म्हणून हा रस्ता वळवला, असं म्हणतात," एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे पाहू लागला.

'पोलिश' हा शब्द कोल्हापूरच्या माणसाच्या कानांवरून सहजासहजी पुढे जात नाही. १९४३ ते १९४८ या काळात आमच्या शहराजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने घरादारांतून उचलून सैबेरियाकडे नेलेली आणि पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचलेली ही माणसे. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. त्यामुळे ते चर्च पाहायचेच, असे मी गाडीतच ठरवून टाकले.

पुढचे आठ दिवस नातवाच्या वेळापत्रकात आणि मिलेनियम पार्कमधल्या घेवड्याच्या दाण्यासारख्या त्या चकचकीत शिल्पासमोर फोटो काढून घेण्यात गेले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. नवव्या दिवशी मी एकटीच ब्लू लाइनने डिव्हिजन स्थानकावर उतरले. डिव्हिजन, अ‍ॅशलँड आणि मिलवॉकी हे तीन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या तिकोनी चौकाला आजही 'पोलिश ट्रँगल' म्हणतात आणि हा सगळा भाग एके काळी शिकागोचे 'पोलिश डाउनटाउन' म्हणून ओळखला जात असे. आता तेथे महागड्या कॉफीची दुकाने आणि कुत्र्यांना आंघोळ घालण्याची सोय आहे. अर्धा तास कान टवकारून फिरले; पोलिश शब्द एकही पडला नाही.

येथे आलेले पोलिश लोक कागदोपत्री पोलिश नव्हतेच, हे मला फार उशिरा कळले. १७९५ मध्ये प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी उरलासुरला पोलंड वाटून घेतला आणि पुढे १९१८ पर्यंत नकाशावर तो देशच नव्हता. त्यामुळे अमेरिकेच्या दप्तरात हे लोक कधी जर्मन, कधी ऑस्ट्रियन, तर कधी रशियन म्हणून नोंदले जात. त्यांतले बहुतेक 'झा ख्लेबेम', म्हणजे भाकरीसाठी, आले होते. नदीकाठच्या चामड्याच्या कारखान्यांत, दक्षिणेकडच्या कत्तलखान्यांत आणि पोलादाच्या गिरण्यांत त्यांना काम मिळे. थोडा पैसा गाठीशी बांधून गावी परतावे आणि जमिनीचा तुकडा घ्यावा, असा अनेकांचा बेत असे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आमच्याकडच्या माणसांचाही बेत काही वेगळा नव्हता.

नोबल स्ट्रीटवर सेंट स्टॅनिस्लॉस कॉस्त्का चर्च समोर आले, तेव्हा महामार्गावरून दिसलेली त्याची पाठ आणि ही दर्शनी बाजू यांची सांगड घालायला मला थोडा वेळ लागला. शिकागोमधल्या या पहिल्या पोलिश धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या समुदायाची, स्थापना १८६७ ची आणि आजची वास्तू १८८१ मध्ये पूर्ण झालेली. १८९७ पर्यंत या एका चर्चशी आठ हजार कुटुंबे, म्हणजे सुमारे चाळीस हजार माणसे, जोडलेली होती आणि अमेरिकेतले ते सर्वांत मोठे धर्मग्राम मानले जाई. आमच्याकडची कितीतरी तालुक्याची गावे आजही एवढी मोठी नाहीत. मी गेले त्या दुपारी आत आम्ही मोजून सहा जण होतो आणि बाहेरच्या फलकावर पोलिश आणि इंग्रजीच्या बरोबरीने स्पॅनिशमधल्या प्रार्थनेच्या वेळा होत्या. एक मेक्सिकन आजी शेवटच्या बाकावर पायांतले बूट काढून, तळवे थंड फरशीला टेकवून शांत बसल्या होत्या. मलाही तसेच करण्याचा मोह झाला आणि, खरे सांगते, मी तो आवरला नाही.

येथून त्याच नोबल स्ट्रीटने दक्षिणेकडे पाचएक मिनिटे चालले की होली ट्रिनिटी हे दुसरे तितकेच भव्य पोलिश चर्च लागते. एवढ्याशा अंतरात दुसरे कशाला, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि त्याचे उत्तर वाचल्यावर मला अगदी माहेरी आल्यासारखे वाटले. पहिल्या चर्चमध्ये गर्दी मावेना म्हणून १८७३ च्या सुमारास दुसरे उभे राहिले खरे. परंतु ज्यांनी वर्गणी काढून ते बांधले, त्यांचे म्हणणे असे की, वास्तूची मालकी आमची आणि धर्मगुरूही आमच्या पसंतीचा हवा. बिशपचे आणि सेंट स्टॅनिस्लॉसचे करारी धर्मगुरू विन्सेंती बार्झिन्स्की यांचे म्हणणे असे की, मालकी धर्मपीठाचीच राहील. या भांडणापायी होली ट्रिनिटीला पुन्हा पुन्हा कुलूप लागत गेले आणि अखेर १८९३ मध्ये खुद्द पोपच्या प्रतिनिधीला मध्ये पडावे लागले.

भांडण वरवर चर्चच्या किल्ल्यांचे असले, तरी त्याच्या मुळाशी दोन विचार होते. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोलिश रोमन कॅथलिक युनियनच्या मते पोलिश माणूस आधी कॅथलिक होता आणि त्याचा धर्म टिकला तरच तो परदेशात पोलिश म्हणून टिकणार होता. १८८० मधली पोलिश नॅशनल अलायन्स म्हणे की, आधी देश स्वतंत्र झाला पाहिजे आणि त्या कामाला जो येईल, त्याचा धर्म विचारू नये. आधी काय, या प्रश्नावर त्याच दशकात पुण्यात टिळक आणि आगरकर एकमेकांपासून दुरावत होते, हे आठवल्याशिवाय मला तो परिच्छेद पुढे वाचता आला नाही. गंमत म्हणजे दोन्ही संस्था सभासदांना विमाही देत. कारखान्यात माणूस गेला, तर त्याच्या विधवेच्या हाती चार पैसे पडत. तेव्हा त्यांतले किती सभासद विचारासाठी आले होते आणि किती विम्यासाठी, हे आज कोणी सांगावे? या दोन चर्चच्या मधून जो रस्ता आडवा जातो, त्याचे नाव डिव्हिजन स्ट्रीट आहे. हा विनोद मी केलेला नाही, शहराच्या नकाशानेच केला आहे.

१९६० मध्ये केनेडी एक्सप्रेसवे खुला झाला. चर्च वाचावे म्हणून महामार्ग बाजूला सरकवला गेला. परंतु चर्चला येणारी माणसे ज्या घरांत राहत होती, त्यांतली कितीतरी घरे त्याच रस्त्याने गिळली. माणसे मिलवॉकी अव्हेन्यूच्या कडेकडेने वायव्येला सरकत गेली: आधी सेंट हायसिंथ बॅसिलिकाभोवतीच्या 'यात्स्कोवो' वस्तीत, तेथून आणखी पुढे आणि शेवटी उपनगरांत. रविवारी मुलाने मला यात्स्कोवोला नेले. तेथल्या एका खाद्यपदार्थांच्या दुकानात गल्ल्यावरच्या बाई मला दोनदा "प्रोशे पानी" म्हणाल्या आणि मी तत्परतेने पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. 'पानी' म्हणजे 'बाईसाहेब', हे मुलाने मोबाइलवर शोधून सांगितले, तोवर रांगेतले सगळे हसून मोकळे झाले होते. तेथून आणलेल्या पिएरोगी म्हणजे बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरून पाण्यात उकडलेल्या करंज्याच होत. मला त्या फार बेचव लागल्या. परतलेला कांदा वर घातल्यावर जेमतेम घशाखाली उतरल्या.

पोलिश म्युझियम ऑफ अमेरिका पहिल्या दिवशी बंद होते; वार पाहून न निघण्याची चूक माझीच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मात्र दोन तास कसे गेले, ते कळले नाही. हे संग्रहालय १९३५ मध्ये स्थापन झाले, तेही त्या कॅथलिक युनियनच्याच इमारतीत. तेथे पियानोवादक आणि स्वतंत्र पोलंडचे पंतप्रधान झालेले पादेरेव्स्की यांची खोली आहे, पण माझे पाय थबकले ते १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या वस्तूंपाशी. अवघ्या वीस वर्षांच्या पोलंडने आपली हौस दाखवायला त्या पाठवल्या होत्या. प्रदर्शन चालू असतानाच १ सप्टेंबरला जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले आणि त्या वस्तूंना परत जायला देश उरला नाही. त्यांतल्या अनेक या संग्रहालयाने विकत घेतल्या.

बाहेर पडताना स्वागतकक्षातल्या वयस्क गृहस्थांना मी मोठ्या उत्साहाने वळिवड्याविषयी विचारले. त्यांना ते नाव ठाऊक नव्हते आणि, खोटे कशाला बोलू, मला रागच आला. पाच हजार माणसे आमच्या गावाने पाच वर्षे सांभाळली आणि यांच्या दप्तरी त्याची दखलही नाही, असे काहीसे मी बोलूनही गेले. त्यांनी शांतपणे वही पुढे ओढली, माझ्याकडून नावाचे एकेक अक्षर विचारून लिहून घेतले आणि मग विचारले, "त्या छावणीचं आज काय उरलं आहे? तुम्ही तर पाहिली असेल."

त्या जागी पुढे सिंधी निर्वासित आले आणि तिचे गांधीनगर झाले, एवढे मी सांगू शकले. घाऊक भावाच्या साड्यांसाठी मी तेथे गेली चाळीस वर्षे जाते आहे, दर लग्नसराईत. छावणीच्या खुणा शोधायला एकदाही गेलेली नाही. वहीतल्या 'वळिवडे' या शब्दापुढे त्यांनी माझ्या उत्तरासाठी जागा सोडली होती, ती तशीच कोरी ठेवून मी ब्लू लाइनचे स्थानक गाठले.