दरडीच्या अलीकडे पाळक, पलीकडे मंडळी

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जे घडले त्याबद्दल माझे आणि माझ्या पतींचे अद्याप एकमत झालेले नाही. मी योग्य वागले असे ते म्हणतात. आमच्या संघातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या संघटनेतल्या, ज्येष्ठ पाळकांनीही (धर्मगुरूंनीही) तसेच सांगितले आणि तेवढ्यावर विषय मिटला असे धरले. माझ्या मनात तो मिटलेला नाही, म्हणून सगळे क्रमाने लिहून काढते आहे.

आम्ही दोघेही नगरकडचे. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक अहमदनगरला आले, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या जिथे चर्च, शाळा आणि पाळक हाकेच्या अंतरावर आहेत अशा भागात आम्ही वाढलो. ईश्वरविज्ञानाचे शिक्षण आम्ही पाळक घडवणाऱ्या एकाच सेमिनरीत, एकाच वर्गात घेतले. लग्नानंतर पतींची पाळकीय दीक्षा झाली आणि आम्ही नंदुरबार जिल्ह्यात आलो. तळोद्यात राहून अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे स्थानिक समुदाय, आम्ही सांभाळतो. नेमणुकीच्या पत्रावर नाव त्यांचे एकट्याचे आहे, कारण स्त्रियांना दीक्षा देण्याची पद्धत आमच्या संघात नाही. 1970 साली नागपुरात ज्या मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले, त्या चर्चमध्ये आज स्त्रिया दीक्षित पाळक आहेत. आमच्याकडे हा प्रश्न अजून चर्चेलाही आलेला नाही. उपदेश, शिकवणी, आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधीची प्रार्थना हे सगळे मी करते. प्रभुभोजन मात्र मला देता येत नाही. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना नेमून दिलेला भाकर आणि द्राक्षरसाचा तो विधी आमच्या नियमाप्रमाणे केवळ दीक्षित पाळकच चालवतो, आणि असा एकच पाळक इतक्या पाड्यांमागे असल्यामुळे आमच्या लोकांच्या वाट्याला प्रभुभोजन येते ते रस्ता चालू असेल तेव्हाच.

त्याची तयारी मात्र माझ्याकडे असते, आणि ती मी मनापासून करते. पहाडात द्राक्षे मिळत नाहीत आणि विकतचा बाटलीबंद रस आमच्या प्रवासभत्त्यात बसत नाही, म्हणून मी काळ्या मनुकांचा रस करते. मनुका रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात कुस्करून मंद आचेवर शिजवायच्या आणि मलमलच्या दुहेरी कापडातून, अजिबात न पिळता, आपोआप गळू द्यायच्या. पिळल्या की गर खाली उतरतो आणि रस लवकर आंबतो. गाळलेला रस पुन्हा उकळून, गरम असतानाच, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरायचा, म्हणजे वर हवा राहत नाही. एवढी काळजी घ्यायचे कारण असे की आमच्या मंडळ्यांतल्या कितीतरी माणसांनी विश्वासात येताना मोहाची दारू सोडली आहे, आणि ज्याने ती मोठ्या कष्टाने सोडली त्याच्या ओठांशी नेलेल्या पेल्याला आंबल्याचा वास येता कामा नये. भाकर बिनखमिराची, गव्हाच्या पिठाची, आदल्या रात्री भाजलेली. बोटभर उंचीचे पेले, रसाची बाटली, भाकर आणि पांढरे कापड असे सगळे एका पत्र्याच्या पेटीत बसते. पूर्वी पेले काचेचे होते. जीपच्या प्रवासात ते एकेक करून फुटले, तेव्हा मी स्टीलचे घेतले.

रविवारच्या प्रभुभोजनासाठी धडगावपलीकडच्या एका पाड्यावर जायला आम्ही निघणार होतो शनिवारी. धडगावला जाणारी दुपारची एसटी आयत्या वेळी रद्द झाली. गाड्या एका राजकीय सभेसाठी काढून घेतल्या होत्या, आणि स्थानकावर पोरे घेऊन बसलेल्या बायांना हे सांगायला संध्याकाळपर्यंत कोणीही आले नाही. सभेला माणसे न्यायला गाड्या मिळतात आणि पहाडातल्या माणसाला घरी जायला मिळत नाही, याचे इथे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. मंडळीतल्या एका शिक्षकांची मोटारसायकल मागून घेऊन आम्ही रविवारी पहाटे निघालो. घाटाच्या पायथ्याशी मागचे चाक पंक्चर झाले, त्यात तास गेला. परतीचा पाऊस रात्रभर पडून नुकताच थांबला होता.

चांदसैली घाटाच्या वरच्या टप्प्यात एका वळणापुढे रस्ताच दिसत नव्हता. डोंगराचा एक पट्टा मुळासकट आलेल्या सागाच्या झाडांसह खाली सरकला होता. लाल माती, मुरूम आणि मोटारीएवढे काळे दगड अशी ती दरड थेट दरीच्या कडेपर्यंत पसरली होती. हा घाट दर पावसाळ्यात असाच बंद पडतो. दरड पडली की ती उपसायची आणि पुढच्या दरडीची वाट पाहायची, यापलीकडे ज्यांच्याकडे या रस्त्याची जबाबदारी आहे त्यांचे काम जात नाही. पायी माणसे मात्र दगडांवरून चढून पलीकडे जात होती, आणि पलीकडे एक जीपवाला धडगावच्या प्रवाशांसाठी हाका मारत होता.

मोटारसायकल दुसऱ्याची, ती दरडीजवळ टाकून जाणे शक्य नव्हते. शिवाय परतीच्या वाटेवर दोन पाड्यांवर आजाऱ्यांना भेटायचे होते. पती म्हणाले, "तू पलीकडे जा, लोकांना थांबवून धर, उपासना सुरू कर. मी अक्कलकुव्यावरून देवगोई घाटाने मोलगीला निघतो, तिथून धडगाव. तीन-चार तासांत पोहोचतो." पेटी मोटारसायकलवर तेवढ्या खड्ड्यांतून नेली असती तर रस सांडला असता, म्हणून ती मी घेतली. एका आजीने माझा हात धरून मला दगडांवरून नेले. जीपमध्ये माझ्या मांडीवर पेटी होती आणि पेटीवर कोणाचे तरी झोपलेले मूल.

पाडा नर्मदेच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर आहे. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रातल्या ज्या 33 गावांना पोहोचली ती याच दोन तालुक्यांतली, आणि ऑक्टोबरमध्ये पाणी भरलेले असते तेव्हा खालच्या वस्त्यांवरचे लोक नावेतून येऊन मग वर चढतात. मी पोहोचले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. कुडाच्या भिंतींचे, पत्र्याच्या छपराचे आमचे प्रार्थनाघर भरलेले होते आणि दाराशी गाठोडी, पाण्याची कळशी, पिठाचे डबे आणि कोंबड्यांची पाटी असे सामान रचून ठेवलेले होते. चार तरुण जोडपी त्याच संध्याकाळी गुजरातेत बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला निघाली होती. आजारपणात आणि पेरणीच्या वेळी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची होती, त्यामुळे निघायचा दिवस त्यांच्या हातात नव्हता. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई नवऱ्याच्या बरोबरीने पहाटेच्या अंधारात फडात उभी राहते आणि रात्री पालात चूल पेटवते. पुढे होळीपर्यंत त्यांना ना रविवार, ना मंडळी. पावसामुळे जुलैपासून त्या पाड्यावर प्रभुभोजन झालेले नव्हते, आणि जाण्यापूर्वी ते घ्यावे म्हणून ही मंडळी आदल्या दिवसापासून थांबली होती.

मी उपासना सुरू केली. पावरी बोलीतली गाणी झाली, ढोल झाला, मराठी गीते झाली, 23 व्या स्तोत्रावर मी बोलले. नंतर प्रार्थना झाल्या, मग पुन्हा गाणी. मध्येच मी मुलांबरोबर वरच्या टेकाडावर गेले, कारण तिथेच काय ते फोनला नेटवर्क मिळते. पतींचा फोन लागला. मोलगीच्या पुढे एका नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहत होते आणि दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. "अर्ध्या तासात उतरेल, वाट पाहा," एवढे ऐकू आले आणि फोन तुटला. संघाच्या वरिष्ठांना मी फोन केला, त्यांनी तो उचलला नाही.

खाली आले तेव्हा मंडळीचे कारभारी दारात उभे होते. साठीचे गृहस्थ, फारसे शिकलेले नाहीत, पण बायबलचे अध्यायच्या अध्याय ऐकून पाठ केलेले. ते म्हणाले, "बाई, भाकर आहे, रस आहे. तुम्ही पाळकबाबांएवढ्याच शिकलेल्या आहात. मग तुम्हीच द्या ना."

मी म्हणाले, "दादा, मला तो अधिकार दिलेला नाही."

"कोणी दिलेला नाही?"

"संघाने."

ते काही बोलले नाहीत. चार जोडप्यांतल्या एकाने, जो 2020 च्या टाळेबंदीत सुरतेला अडकला होता, विचारले की त्या वेळी शहरातल्या लोकांनी फोनच्या पडद्यासमोर आपापल्या घरी भाकर मोडली होती, मग आता काय अडचण आहे. तो खरेच बोलत होता. त्या वर्षी कितीतरी मंडळ्यांनी तसे केले, आमच्या संघातल्या शहरी मंडळ्यांनीही केले, आणि तेव्हा नियम वाकला, कारण अडलेली माणसे शहरातली होती. पहाडातला माणूस पावसाळाभर अडतो तेव्हा नियमाला वाकावेसे वाटत नाही. हे मी तिथे बोलले नाही, इथे लिहिते.

पेटी उघडली नाही, यामागे भीती होती असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही. पण ती भीती माझ्या स्वतःपुरती नव्हती. शेजारच्या भागात एका प्रचारकाने दीक्षेशिवाय प्रभुभोजन दिले म्हणून त्याला सेवेतून काढलेच, वर त्याच्या मंडळीचे नाव यादीतून वगळले आणि तिथे पाळक पाठवणे बंद केले. जे लोक तिथल्या तिथे आपल्या श्रद्धेसाठी भाऊबंदांची नाराजी सोसतात, त्यांच्यावर संघाचीही नाराजी ओढवून घेण्याचा निर्णय मी एकटीने, त्यांना पुरते परिणाम न सांगता घेणे मला बरोबर वाटले नाही. ही माझी बाजू. दुसरी बाजू अशी की पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात प्रभुभोजनाविषयी सगळे आहे, अयोग्य रीतीने घेणाऱ्यांना कडक ताकीद आहे, पण भाकर कोणाच्या हातून मोडली जावी याविषयी एक ओळही नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की भोजनासाठी एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. आमच्या लोकांनी त्याची ती आज्ञा शब्दशः पाळली. ऊसतोडीला न्यायला येणाऱ्या पिकअपचा हॉर्न वाजेपर्यंत ते थांबले.

पिकअप सूर्य मावळण्याच्या सुमारास आली. आणखी थोडा वेळ द्या अशी मी गाडीवाल्याला विनंती केली. पुढच्या पाड्यावरची माणसे घ्यायची आहेत असे म्हणून तो गाडीत चढून बसला. मी प्रत्येक जोडप्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांतल्या सर्वांत लहान मुलीने, जिचे लग्न माझ्या पतींनीच उन्हाळ्यात लावले होते, विचारले, "आमच्या वाटणीचे होळीला मिळेल ना?" मी हो म्हणाले.

पती सोमवारी सकाळी पोहोचले. रात्र त्यांनी नाल्याअलीकडे एका झोपडीत काढली होती, ओल्या कपड्यांनी त्यांना ताप भरला होता, आणि तशाच अवस्थेत त्यांनी उरलेल्या मंडळीला प्रभुभोजन दिले. रस मी चाखून पाहिला होता. तो टिकला होता. तयारीत कुठेही काही कमी नव्हते, हेच मला अधिक लागते.

त्यानंतर आम्ही दोघांनी संघाला पत्र लिहिले. पावसाळ्यात आणि स्थलांतराच्या दिवसांत, ज्यांनी रीतसर शिक्षण घेतले आहे अशा सेवकांना, स्त्री असो वा पुरुष, आणि जिथे असे कोणी नाही तिथे मंडळीच्या वडिलांना प्रभुभोजन देण्याचा अधिकार लेखी द्यावा, ही पहिली मागणी. ऊसतोडीच्या हंगामात पाळकाला मजुरांच्या पडावांवर (तळांवर) पाठवावे, ही दुसरी. पहिली वार्षिक सभेपुढे ठेवली जाईल असे उत्तर आले. दुसरीला सरळ नकार आला, कारण गुजरातचा तो भाग आमच्या क्षेत्रात मोडत नाही. माणसे आमची, त्यांचा बाप्तिस्मा आमच्या रजिस्टरात, त्यांची लग्ने आम्ही लावलेली, आणि ती राज्याची सीमा ओलांडून गेली की आमची राहत नाहीत, हे उत्तर ज्यांनी लिहिले त्यांनी कधी पिकअपमध्ये चढणारी जोडपी पाहिलेली नाहीत. त्यांतले बरेच जण पावसाळ्यात तालुक्याच्या गावापुढे येतच नाहीत.

डिसेंबरमध्ये आम्ही स्वतःच्या खर्चाने जाणार आहोत. नंदुरबारहून सुरतेकडे जाणारा रेल्वेमार्ग बारडोलीवरूनच जातो, त्यामुळे या वेळी घाटाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो कोणती टोळी कोणत्या गावाच्या शिवारात उतरली आहे हे कळण्याचा, कारण मुकादम पत्ता सांगत नाहीत आणि फड संपला की पडाव हलतो. तीन जोडप्यांचा ठावठिकाणा लागला आहे. ज्या मुलीला मी होळीचा शब्द दिला तिच्या नवऱ्याचा फोन बंद लागतो, आणि तिच्या सासऱ्यांकडून मुकादमाच्या भावाचा नंबर मिळवण्याची खटपट सध्या चालू आहे.