तुम्ही विचारलंत म्हणून: माळढोक दिसला का?

लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, रविवारी भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर, सगळीकडे तोच प्रश्न. "कॅम्पर घेऊन जैसलमेरला गेला होतात ना? मग तो माळढोक पक्षी दिसला का? फोटो कुठाय?" मी "लांबून दिसला" म्हणते आणि विषय बदलते. आता कंटाळा आला बदलून बदलून.

खिचनच्या कांड्या करकोच्यांचे फोटो आहेत, हवे तेवढे. गावकरी दाणे टाकतात, पक्षी हजारोंनी उतरतात, तिथे फोटो कोणालाही येतो. जैसलमेरजवळच्या अकल गावातली दगड झालेली झाडं पाहिली, किल्लाही पाहिला. त्याबद्दल कोणी विचारत नाही.

डिसेंबरातली सकाळ. माळढोकांसाठी राखलेल्या सुदासरीच्या कुंपणाबाहेरचा, ढाण्यांकडे (वाळवंटातल्या छोट्या वस्त्यांकडे) जाणारा कच्चा रस्ता. (हो, कुंपणाबाहेरचा. तिथून रोज जीपा जातात. हे आधीच सांगून ठेवते.) सेवण गवतातून एक मान वर आली. पांढुरकी, ताठ, वर काळी टोपी. नर. मी ह्यांच्या दंडाला धरलं. हे म्हणाले, "इथूनच बघ." मी म्हटलं, "थोडं पुढे घ्या ना."

थोडं पुढे. एवढंच म्हटलं होतं.

रस्ता सोडून दोन गाड्यांइतकं अंतर गेलो असू, डावं मागचं चाक रुतलं. वाळूत टायरची हवा कमी करावी लागते हे आम्हाला ठाऊक होतं. त्या सकाळी घाईत राहून गेलं. ह्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. कॅम्परचं इंजिन त्या शांततेत असं ओरडलं की मलाच लाज वाटली. पक्षी चार पावलं पळाला आणि उडाला. पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी तो, पंख जड पडतात, उंची लवकर मिळत नाही. पुढे पवनचक्क्यांच्या विजेच्या तारा होत्या. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, तारा फार उशिरा कळतात. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं होतं, तेही ह्याचसाठी. दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत. हे सगळं मी लोकांना स्लाइड लावून सांगत आलेय!

दुर्बीण उचलली, पण तो उन्हाच्या तिरिपेत गेला आणि मला दिसेनासा झाला.

एक मेंढपाळ आला. "गोडावण था?" (तिकडे माळढोकाला गोडावण म्हणतात) एवढंच विचारलं आणि वाळू उकरायला बसला. चाकाखाली घालायला आमची सोलापुरी चादर दिली. सोलापूरजवळच नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, हे तेव्हा आठवलं आणि उगाचच हसू आलं. दीड तासाने गाडी निघाली. मग मी तारांखालून चालत गेले, पाऊण तास. लेंड्या, एक फाटकी गोणी. पक्षी नाही. पण गवत गुडघ्याएवढं होतं, आणि मी काही सगळं पालथं घातलं नाही.

ऐरोलीला फ्लेमिंगोंच्या दिशेने चिखलात उतरणाऱ्या एका पोराला मी चारचौघांत झापलं होतं. "तुझ्या फोटोपायी त्यांनी उडायचं का?" तो म्हणाला होता, "काकू, थोडंच पुढे." तेव्हाची मी आज समोर आली तर तिला काय सांगू? की माझं वेगळं होतं? मला फोटो नको होता, फक्त नीट बघायचं होतं? पोरालाही बहुतेक तेच हवं असेल. पण मग इतकी वर्षं पैसे साठवून, पाठदुखी सांभाळून, रात्री कॅम्परच्या अरुंद बाकावर झोपून मी तिथवर कशाला गेले होते? लांबून बघायला? हो, लांबूनच बघायला. पण मान दिसल्यावर ते सुचत नाही.

हे म्हणतात, तो तारांच्या आधीच डावीकडे वळला. मी म्हणते, सरळ गेला. दुर्बीण माझ्या हातात होती, हे नुसत्या डोळ्यांनी बघत होते. त्यावर ह्यांचं म्हणणं, नुसत्या डोळ्यांना जास्त आकाश दिसतं. परवा रात्री जेवतानाही आमचं ह्यावरूनच वाजलं.