४२५ मीटर चालणाऱ्या बाई

हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमधला दाब वाढला की त्या आजाराला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. असा आजार असलेल्या रुग्णांची चालण्याची चाचणी घेणे हे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे नेहमीचे काम आहे. तीस मीटर लांबीच्या सपाट मार्गिकेत रुग्णाने सहा मिनिटांत स्वतःच्या गतीने जमेल तेवढे चालायचे असते. धाप लागली तर तो थांबू शकतो, घड्याळ मात्र थांबवायचे नसते. चालण्याआधी आणि नंतर मी नाडी व ऑक्सिजनचे प्रमाण नोंदवते आणि धाप किती लागली हे रुग्णालाच विचारते. उपचार लागू पडत आहेत का, हे ठरवताना डॉक्टर या अंतराला बरेच महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे.

त्या दिवशी आलेल्या बाई शाळेत शिकवत असत. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. निदान व्हायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला होता. तेवढ्या काळात त्यांच्या धापेचे खापर रक्ताच्या कमतरतेवर, दम्यावर आणि मनाच्या ताणावर फोडून झाले होते. या आजारात असे वारंवार घडते, कारण बसल्या जागी रुग्ण ठणठणीत दिसतो. अखेर हृदयाच्या उजव्या बाजूत नळी सरकवून दाब मोजला गेला. हा सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर गेला की आजार मानतात. बाईंचा ५२ होता. मग टाडालाफिल आणि अँब्रिसेंटान ही दोन औषधे आणि सूज उतरवणारी लघवीची गोळी सुरू झाली.

निदानाच्या वेळी त्या ३४० मीटर चालल्या होत्या आणि त्या दिवशी ४२५ मीटर चालल्या. साधारण ३३ मीटरचा फरकही रुग्णाला जाणवण्याजोगा मानला जातो, म्हणून ८५ मीटरची वाढ ही मोठीच कमाई होती. सोनोग्राफीतही हृदयाची उजवी बाजू पूर्वीपेक्षा बरी दिसत होती. मला मनापासून आनंद झाला, त्यांच्या यजमानांनाही झाला. बाई हसल्या, पण ते हसू आमच्यासाठी होते.

त्यानंतर मी एम्फसिस-१० नावाची प्रश्नावली चाळली. याच आजाराच्या रुग्णांसाठी तयार केलेल्या या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज जितकी जास्त, तितका आजाराचा जगण्यावरचा भार जास्त. निदानानंतर बाईंची बेरीज २६ होती, त्या दिवशी ती ३५ भरली. कधीकधी रुग्ण मोजपट्टीची टोके उलटी समजतात, म्हणून मी प्रश्न पुन्हा वाचून दाखवायचे ठरवले आणि यजमानांना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती केली. दार लागल्यावर बाई म्हणाल्या, "ताई, मी बरोबर लिहिलंय. उलटंसुलटं काही नाही."

धापेमुळे बोलणे तुटते का, या प्रश्नाला त्यांनी पाच गुण दिले होते. मला आश्चर्य वाटले, कारण इतका वेळ त्या माझ्याशी व्यवस्थित बोलत होत्या. तेव्हा त्यांनी मला त्यांची रीत समजावून सांगितली. एका श्वासात मावेल एवढेच वाक्य त्या मनात जुळवत. श्वास संपत आला की योग्य शब्द आठवत असल्यासारखी नजर वर नेत आणि तेवढ्यात दम घेत. वर्गात त्या फळ्याकडे वळून खडू टेकवून नुसत्या उभ्या राहत. मुलांना वाटे, बाई विचार करत आहेत. जिन्याच्या वळणावर फोन कानाला लावून थांबत. हे सगळे लपवण्यातच इतकी शक्ती खर्ची पडे की शाळेतून आल्यावर त्या थेट अंथरुणावर पडत. नोकरी त्यांनी त्यामुळे सोडली होती, आणि घरी मात्र त्या "चालवत नाही" एवढेच कारण सांगत होत्या.

बोलता बोलता माझे लक्ष त्यांच्या बुटांकडे गेले. नाड्यांना दुहेरी गाठी घट्ट मारलेल्या होत्या. त्या गाठी मुलीने घरून निघताना मारल्या होत्या, कारण पुढे वाकले की बाईंचा श्वास कोंडत असे. सहा मिनिटांच्या चाचणीत वाकावे लागत नाही, हात डोक्याच्या वर न्यावे लागत नाहीत, चालता चालता कुणाच्या प्रश्नाला उत्तरही द्यावे लागत नाही. दिवसभराच्या कामांत यांतले काहीच टळत नाही.

आपण इतरांवर ओझे आहोत असे वाटते का, या प्रश्नापाशी त्या बराच वेळ थांबल्या. निदान होण्याआधी त्या धापा टाकत का होईना, घरातली कामे करत होत्या. आजाराचे नाव कळल्यावर घरच्यांनी प्रेमापोटी एकेक काम त्यांच्या हातातून काढून घेतले. बादली उचलणे गेले, कपड्यांच्या घड्या गेल्या, शेवटी मुलीची वेणीही गेली. रात्री मुलगी उठून आईचा श्वास चालू आहे ना, हे पाहून जाते, हे त्यांना ठाऊक होते आणि अशा वेळी त्या झोपेचे सोंग घेत. "आधी मी दमायचे, ताई," त्या म्हणाल्या, "आता माझी कुणाला गरजच लागत नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जिच्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही. या आजारात गर्भधारणा आईच्या जिवावर बेतू शकते आणि अँब्रिसेंटानमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. त्यामुळे गर्भधारणा कटाक्षाने टाळण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता आणि तो रास्तच होता. मात्र त्या एका वाक्यातून नवराबायकोंनी परस्परांपासून दूरच राहायचे असा अर्थ काढला होता, आणि दोघे तेव्हापासून वेगळ्या खोल्यांत झोपत होते. जवळीक टाळा असे त्यांना कुणीही सांगितले नव्हते, पण त्याविषयी विचारलेही नव्हते.

बाईंच्या परवानगीने मी हे सर्व डॉक्टरांच्या कानावर घातले. बाहेर रुग्णांची रांग असूनही त्यांनी दोघांना समोर बसवले आणि शांतपणे वेळ दिला. संततिनियमनाबद्दल आणि पतिपत्नींच्या सहवासाबद्दल ते आडपडदा न ठेवता बोलले. लघवीची गोळी सकाळी घेतल्यामुळे बाई बाहेर पडायलाच धजत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी गोळीची वेळ दुपारी, घरी परतल्यानंतरची करून दिली. मनाची उदासी आजाराच्या ओघात चालायचीच असे न म्हणता त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली. यजमानांनी मात्र मध्येच विचारले, "तिला करू दिलं आणि काही झालं तर?" इतके दिवस घरात जे चालले होते, ते या भीतीपोटी. डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. औषधांनी आजार आटोक्यात राहू शकतो, मुळापासून जात नाही, हे त्यांनी सांगितले; आणि चक्कर, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, वजन झपाट्याने वाढणे यांपैकी काहीही झाले तर लगेच कळवायचे, हेही.

माझ्या वाट्याचे काम त्यानंतर सुरू झाले. पूर्वी अशा रुग्णांना केवळ विश्रांती सांगितली जाई. २००६ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी दाखवून दिले की स्थिर औषधोपचार चालू असताना देखरेखीखाली केलेल्या बेताच्या व्यायामाने चालण्याचे अंतरही वाढते आणि जगण्याचा दर्जाही सुधारतो. त्या धर्तीवर आम्ही हलका व्यायाम आखला. स्नान स्टुलावर बसून, कोमट पाण्याने करायचे. वाकताना आणि उठताना श्वास न रोखता सावकाश सोडायचा. जड वस्तू उचलायची नाही. वेणीसाठी बाईंनी खुर्चीत बसून कोपरे टेबलावर टेकवायची आणि मुलीने समोर खाली बसायचे, असे आम्ही तिथेच करून पाहिले. वर्गासाठी गळ्यात अडकवायचा लहान माइक मी सुचवला आणि दम लागला की मुलांना तसे सांगून थांबावे, असेही सुचवले. माइक त्यांना पटला. मुलांना सांगण्याचे पटायला वेळ लागला.

आता त्या अर्धवेळ शिकवतात, तेही खुर्चीत बसून. अलीकडच्या चाचणीत त्या ४३० मीटर चालल्या, म्हणजे अंतर जवळजवळ तेवढेच आहे. प्रश्नावलीची बेरीज मात्र २४ वर आली. जिन्याच्या प्रश्नाला त्या अजूनही पाच गुण देतात, आजाराविषयीची चीडही पुरती ओसरलेली नाही. आमच्या विभागात आता प्रश्नावली चालण्याच्या चाचणीआधी भरून घेतली जाते, आणि त्या वेळी नातेवाइकांना बाहेर बसवले जाते. बाईंच्या धमन्यांतला दाब लवकरच पुन्हा मोजायचा आहे आणि तिसरे औषध सुरू करायचे का, हे त्यानंतर ठरेल. त्या औषधाचे दुष्परिणाम शाळेच्या वेळेत आड येतील का, हा प्रश्न बाईंनी स्वतःच आधी लिहून पाठवला आहे आणि डॉक्टरांनी तो त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर नोंदवून ठेवला आहे.