हूड उघडलं की बेस कुठे जातो?

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उभ्या सॉफ्ट टॉप जीपमध्ये गाणं झकास वाजतं. तीच गाडी कापडी हूड मागे टाकून यवतेश्वरचा घाट चढायला लागली की ढोलकी गायब होते आणि गायकाचा किरकिरा आवाज तेवढा उरतो. मग डेकचा आवाज वाढतो, स्पीकर फाटल्यासारखे वाजतात आणि मालक बारा इंची बेस बॉक्स घ्यायला दुकानात जातो. तो बॉक्स आत्ता घेऊ नका.

बंद गाडीत छत आणि काचा हवेचा दाब धरून ठेवतात, त्यामुळे खालचे सूर आपोआप वाढून मिळतात. हूड उघडलं की ही फुकटची मदत संपते. शिवाय वाऱ्याचा आणि टायरचा आवाज बराचसा खालच्या पट्टीतला असतो, तो संगीताच्या नेमक्या त्याच भागावर बसतो. उघड्या गाडीत 40 हर्ट्झची गडगड ऐकवायची तर प्रचंड ताकद लागते. पण 80 ते 250 हर्ट्झचा पट्टा, म्हणजे डग्ग्याचा घुमार आणि ढोलकीची थाप, दारातल्या साडेसहा इंची स्पीकरमधून स्वस्तात परत आणता येतो. त्यासाठी पहिला खर्च दारावर करा.

स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो. डोअर पॅडमागच्या पत्र्याला मोठाली भोकं असतात. त्यातून मागची लाट पुढे येते, पुढच्या लाटेला भेटते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. बेस तिथेच मरतो. म्हणून डोअर पॅड काढा, आतलं प्लास्टिक सोडवा आणि पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बाहेरच्या पत्र्याला आतून 2 मिलिमीटरची ब्युटाइल डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट, लावा. अख्खा पत्रा मढवायची गरज नाही, मधला पंचवीस-तीस टक्के भाग पुरतो. आतल्या पत्र्याची भोकं मात्र सगळी बुजवा. हाताच्या पंजाएवढ्या मोठ्या भोकावर नुसती शीट डुगडुगते, तिथे आधी 1 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने बसवा आणि त्यावर शीट लावा. शेवटचा तुकडा लावण्याआधी काच वर-खाली करून पाहा, लॉकचा रॉड कुठे घासत नाही ना तेही बघा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं कधीच बंद करू नका. आपल्याकडच्या पावसात दार आतून टाकीसारखं भरेल आणि दोन पावसाळ्यांत पत्रा सडेल.

शीट रोलरने दाबायची. तिच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या थरावर बारीक चौकटींची नक्षी असते. ती सपाट झाली की शीट बसली, नक्षी दिसतेय तोवर खाली हवा आहे. थंडीत सकाळी शीट कडक असते, ती दुपारच्या उन्हात लावा. हार्डवेअरच्या दुकानातली छताची डांबरी टेप स्वस्त असते म्हणून घेऊ नका. एप्रिलच्या उन्हात ती घसरते आणि डांबराचा वास जाता जात नाही.

स्पीकर घेताना खोक्यावरचे ‘300 वॅट’ वाचू नका, सेन्सिटिव्हिटी वाचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा. 3 डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे दुप्पट ताकदीचा अँप (अँप्लिफायर) फुकट मिळाल्यासारखं आहे. त्यामुळे 90 डेसिबल किंवा त्याहून वरचा आकडा शोधा. पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडा रबरी असावी. फोमची कडा ऊन-पावसात तुटते. खालची रिंग 18 मिलिमीटर मरीन प्लायची करून घ्या. एमडीएफ पाण्याने फुगतं. रिंग आणि पत्रा, तसंच स्पीकर आणि डोअर पॅड यांच्यात फोमची पट्टी लावा, नाहीतर आवाज पॅडच्या आतच फिरत राहतो. चुंबकाच्या वर प्लास्टिकचा छोटा छज्जा बसवा, काचेवरून उतरणारं पाणी स्पीकरवर पडणार नाही.

ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, गुडघ्याजवळ असेल तर वारा त्याचा आवाज उडवून नेतो. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात घ्या आणि तोंड विरुद्ध बाजूच्या सीटकडे करा. आवाज कानाच्या जितका जवळ, तितका तो कमी ठेवता येतो. कासच्या पठारावर तर बंदच ठेवावा. तिथल्या शांततेसाठीच माणूस हूड उघडतो.

डेकवर ‘50 वॅट गुणिले 4’ लिहिलेलं असलं तरी खरे वॅट साधारण 15 ते 20 मिळतात. वाऱ्यापुढे ते कमी पडतात. त्यामुळे 50 खऱ्या वॅटचा चार चॅनेलचा छोटा अँप हा पुढचा खर्च. त्याला 8 गेजची शुद्ध तांब्याची वायर लागते. ब्लेडने तार खरवडा. आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, परत करा. बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत 30 अँपिअरचा फ्यूज हवाच. अर्थिंगसाठी रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर वायरीच्या टोकाचा लग बोल्टने आवळा. इंजिनाबरोबर चढणारी ‘कुंईं’ ऐकू आली तर दोष बहुधा इथे असतो, किंवा डेकपासून अँपकडे आवाज नेणारी आरसीए वायर पॉवरच्या वायरीला चिकटून नेलेली असते. जीप पाइप लावून धुतात, म्हणून अँप सीटखाली दोन-तीन सेंटिमीटर उंच ठोकळ्यांवर बसवा. प्रत्येक वायर कनेक्टरला पोचण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे पाणी झोळाशीच टपकून जातं. नवीन गाडीची वायर वायरमनला कापू देऊ नका, तयार कपलर मिळतो.

अँपवरचं गेनचं बटण अंदाजाने फिरवलं तर स्पीकर जळतात. स्पीकर सोडवा, इक्वलायझर सपाट करा, डेक पाऊण आवाजावर ठेवा आणि 1000 हर्ट्झचा, 0 डेसिबलचा टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला धरा. 4 ओहमच्या स्पीकरला 50 वॅट म्हणजे 14.1 व्होल्ट, तिथे थांबा. हाय पास फिल्टर, म्हणजे खालचे सूर अडवणारी सोय, 80 ते 100 हर्ट्झवर लावा. खालचं ओझं गेलं की पडदा कमी हलतो, तोच स्पीकर जास्त आवाजातही स्वच्छ वाजतो.

प्लस-मायनस तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला की पडदा बाहेर आला पाहिजे. एका दारात उलटं झालं असेल तर बेस नाहीसा होतो आणि दोष अँपला दिला जातो.

डेकमध्ये दोन सेटिंग सेव्ह करा. हूड लावलेलं असताना सपाट. उघडं असताना 100 ते 250 हर्ट्झला 3 डेसिबल वाढ, 60 हर्ट्झला काही नाही.

एवढं करून बेस कमी वाटलाच, तर अँपसह येणारा सीटखालचा आठ इंची सबवूफर (खास बेसचा स्पीकर) घ्या. तो मागच्या मोठ्या बॉक्सपेक्षा शरीराच्या जवळ असतो, थाप सीटमधून जाणवते. मात्र पावसाळ्यातही हूड उघडून फिरणार असाल, तर जूनपूर्वी तो काढून घरात ठेवता येईल असा प्लग लावून घ्या.