बंद पाकिटातली तीन अक्षरं

तिने वही माझ्यासमोर ठेवली. पाच आठवड्यांच्या नोंदी होत्या: किती वाजता काय खाल्लं, पोट कधी फुगलं, दुखणं दहापैकी किती. कंबरेचं मापसुद्धा रोज सकाळ-संध्याकाळ टेप लावून घेतलेलं. 'क' आठवड्याची पानं शाईने गच्च भरली होती. चार दिवस सलग दुखणं आठच्या वर, एक दिवस कामाला दांडी.

"ग्लूटेन 'क'मध्येच होतं. मला पाकीट उघडायची गरजच नाही, डॉक्टर."

खरं सांगायचं तर ती पानं वाचून मलाही तसंच वाटलं होतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा, ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन टाळायचं म्हणून, तिचा गहू सुटून तीन वर्षं झाली होती. गव्हामागोमाग दूध, अंडी, सोया, टोमॅटो, असं करत करत ताटात मोजकेच पदार्थ उरले होते. सोबत एका प्रयोगशाळेचा 'फूड सेन्सिटिव्हिटी'चा रिपोर्ट होता, ओळीच्या ओळी लाल. मी तिच्या हातात पेन दिलं आणि म्हटलं, रक्त दिलं त्या काळात जे पदार्थ तुम्ही दर आठवड्याला खात होता त्यांच्यापुढे खूण करा. लाल ओळींपैकी जवळजवळ प्रत्येकीपुढे खूण झाली. या चाचणीत आयजीजी प्रतिपिंडं मोजतात. तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे, एवढंच त्यातून कळतं. ॲलर्जीत आयजीई नावाचं दुसरं प्रतिपिंड असतं, ते वेगळं. अशा रिपोर्टवरून माणसांचं जेवण काढून घेतलं जातं, याचा मला आजही संताप येतो.

सिलिॲक आजार मात्र खरा आहे आणि गंभीर आहे. त्यात ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, अस्तर झिजतं, लोह आणि कॅल्शियम शोषलं जात नाही. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. तो शोधायला रक्तातली प्रतिपिंडं तपासतात, गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेतात. पण पेशंटच्या पोटात ग्लूटेन जात असेल तरच या तपासण्यांना अर्थ. आधीच गहू सोडला असेल तर आतडं भरून येतं, प्रतिपिंडं उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. म्हणून मी प्रत्येकाला हात जोडून सांगते: सोडायचंच असेल तर आधी तपासा, मग सोडा.

तिच्या बाबतीत एक वाट शिल्लक होती. सिलिॲकच्या जवळजवळ सगळ्या पेशंटमध्ये डीक्यू-2 किंवा डीक्यू-8 यांपैकी एक तरी जनुक सापडतंच, आणि ही चाचणी खाण्यावर अवलंबून नसते. तिच्यात दोन्ही नव्हती. गव्हाची ॲलर्जीही नव्हती. तरी पोट दुखत होतंच.

मग आहारतज्ज्ञ सहकाऱ्याने तीन प्रकारच्या वड्या केल्या, दिसायला आणि चवीला सारख्या. एकीत ग्लूटेन, दुसरीत फ्रुक्टान, म्हणजे गहू-कांदा-लसणात असणारी एक साखळीदार शर्करा, आणि तिसरीत यातलं काहीच नाही. प्रत्येक वडी सात दिवस, मध्ये एकेक आठवडा सुट्टी. कुठल्या अक्षराची वडी कोणती ते तिलाही माहीत नाही, मलाही नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेला नॉर्वेतला अभ्यास याच पद्धतीचा होता. स्वतःहून ग्लूटेन सोडलेली, सिलिॲक नसलेली 59 माणसं होती. सर्वांत जास्त त्रास 13 जणांना ग्लूटेनच्या आठवड्यात झाला, 24 जणांना फ्रुक्टानच्या आणि 22 जणांना काहीच नसलेल्या वडीच्या.

पाकीट तिनेच फोडलं. अ: ग्लूटेन. ब: फ्रुक्टान. क: काहीही नाही.

तिने चिठ्ठी उलटी करून मागची बाजू पाहिली, कोरी होती. मग वही पुढे ओढून 'अ' आठवड्याची पानं काढली. दुखणं दोन, एक, दोन. एका दिवशी नुसतं 'ठीक' लिहिलेलं. बराच वेळ ती त्या एका शब्दाकडे बघत बसली.

"म्हणजे मी तीन वर्षं नाटक करत होते?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तरी तो ऐकून पोटात कालवलं. मी टेपची मापं दाखवली. 'क' आठवड्यात कंबर संध्याकाळी खरोखर वाढलेली होती. हे नाटक नव्हे. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी अखंड बोलणं चालू असतं. आता त्रास होणार या धास्तीने आतड्याची हालचाल बदलते, एरवी जाणवणारही नाही असा वायू दुखायला लागतो. दुखणं खरंच होतं, फक्त ते ग्लूटेनचं नव्हतं. एका माणसावरच्या एका प्रयोगाने सगळं सिद्ध होत नाही, हेही मी तिला सांगितलं. पण गहू परत सुरू करून बघायला एवढं पुरेसं होतं.

ती रडली नाही. डोळे मिटून म्हणाली, "मुलीचंही मी बंद केलंय."

मुलगी आठ वर्षांची. वर्षापूर्वी दोनदा पोट दुखलं म्हणून आईने तिचाही गहू तोडला होता, आईबरोबर दूधही गेलं होतं. पुढच्या आठवड्यात ती मुलीला घेऊन आली. वर्षभरात वजन जेमतेम वाढलेलं. जनुकचाचणी केली तर डीक्यू-8 निघालं, वडिलांकडून आलेलं. ही जनुकं तीसेक टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या बहुतेकांना सिलिॲक कधीच होत नाही. पण आता तो नाही असंही म्हणता येईना. वजन आजाराने अडलं की अर्ध्या ताटाने, हे कळायला तिला काही आठवडे रोज गहू खायला घालायचा आणि मग रक्त तपासायचं, याला पर्याय नव्हता. वर्षापूर्वी हेच एका रक्ततपासणीत कळलं असतं.

आईने नवी वही आणली होती. पहिल्या पानावर मुलीचं नाव, खाली रकाने आखलेले.

मी वही मिटली. "नोंद ठेवा, पण तिच्यासमोर नको. आणि दुखतंय का, असं रोज विचारू नका. दुखलं तर ती सांगेल."